लॅबमधली इसवण: नियम आत्ताच हवेत की सरळ बंदी?

साखळीकर
कोचीची सीएमएफआरआय, म्हणजे केंद्र सरकारचीच समुद्रातल्या मासळीवर संशोधन करणारी संस्था, तिने जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीच्या एका स्टार्टअपबरोबर करार केला, माशाच्या पेशी काढून लॅबमध्ये मासळी वाढवायची. सुरुवात कशाने, तर पापलेट, इसवण म्हणजे सुरमई. आपल्याच ताटातले मासे. माझं म्हणणं, हे बाजारात यायच्या आधी नियम हवेत आणि पेशी कशात वाढवल्या ते लेबलवर सक्तीने लिहायला लावा. कारण या कामात पहिल्यापासून गाईच्या गर्भातल्या वासराच्या रक्ताचा सीरम वापरत आलेत. माझी आई मासे खाते पण बीफ खात नाही, तिला हे पाकिटावर कळायला नको?

फोंड्याची फूडटेकवाली
दादा, सीरमचा मुद्दा बरोबर आहे पण मागे पडत चाललाय. सीरम महाग, प्रत्येक बॅच वेगळी निघते, त्यामुळे कंपन्यांनाच तो नकोसा झालाय. सिंगापूरने डिसेंबर २०२० मध्ये लॅबमधल्या चिकनला परवानगी दिली तेव्हा सीरम होता, २०२३ मध्ये तिथेच बिनसीरमच्या पद्धतीला मंजुरी मिळाली. आणि आपल्याकडे नियमच नाहीत असं नाही हो, एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१७ चे नियम आहेत, ज्या खाण्याचं मानक ठरलेलं नाही ते विकायच्या आधी सुरक्षिततेची कागदपत्रं देऊन मंजुरी घ्यावीच लागते. मला भीती सरसकट बंदीची वाटते. इटलीने २०२३ च्या शेवटी घातली, दंड ६० हजार युरोपर्यंत, २०२४ मध्ये फ्लोरिडाने घातली. माझ्या मते दोन्हीकडे लोकांच्या पोटापेक्षा शेतकऱ्यांचा धंदा वाचवायचा होता.

काणकोणचा पागी
मग धंदा वाचवणं वाईट कसं काय ताई? आमच्या घरात तीन पिढ्या रांपण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली. ट्रॉलर आले तेव्हा सरकारनेच मदत दिली, हेच विकास म्हणून सांगितलं, किनाऱ्याजवळची मासळी साफ झाली, रांपणकारांनी मोर्चे काढले, उपोषणं केली आणि मग कुठे १९८० साली गोव्यात मासेमारीचा कायदा आला. आधी नुकसान, मग कायदा, हे आम्ही एकदा भोगलंय. परत नको. माझं मत बंदीच. आणि तेवढं जमत नसेल तर निदान पाकिटावर इसवण हा शब्द लिहू देऊ नका, इसवण समुद्रात मिळते.

फोंड्याची फूडटेकवाली
पागी बाब, रांपणकारांबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. पण समुद्र लॅबने रिकामा केला नाही ना. एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासळी गोळा करून पकडायला २०१७ पासून बंदी आहे तरी तक्रारी थांबल्यात का? इसवणीची पिल्लं पकडली जातात, त्यावर बोलूया की. लॅबमधून थोडी जरी मासळी आली तर समुद्रावरचा भार हलका होईल असं मला मनापासून वाटतं. नावाचं मात्र पटलं, "पेशींपासून वाढवलेली" असं मोठ्या अक्षरात नावातच पाहिजे.

पेडण्याची सून
एक विचारू? आमच्याकडे सोमवारी, गुरुवारी आणि पूर्ण श्रावण चालत नाही. हे प्राणी न मारता केलेलं, मग याला हिरवा ठिपका देणार का? तसं झालं तर घराघरात भांडणं.

साखळीकर
नाही वहिनी, पेशी प्राण्याचीच, तेव्हा मांसाहाराचा तपकिरी त्रिकोणच लागणार, ते नियमात स्पष्ट लिहून घ्यायला हवं. आणि पागी बाब, बंदीने काय होतं ते सांगतो. २०१८ च्या जुलैमध्ये मासळीत फॉर्मेलिन हे रसायन असल्याचं प्रकरण झालं, गोव्याबाहेरच्या मासळीवर सरकारने काही दिवस बंदी घातली, तरी लोकांची भीती गेली नाही, आमच्या घरी तर कितीतरी दिवस हुमण, म्हणजे माशाची आमटी, शिजलं नाही. बाजाराच्या दारात तपासणी सुरू झाली तेव्हा कुठे जीवात जीव आला. विश्वास तपासणीने येतो.

काणकोणचा पागी
तपासणी करा, मी नको म्हणत नाही. पण जून आणि जुलै, ६१ दिवस ट्रॉलर बंद असतात, त्या दिवसांत पावसात भिजत खाडीची चार मासळी आणि सुकं घेऊन आमच्या बायका बाजारात बसतात. ही लॅबवाली इसवण नेमकी त्याच दिवसांत मॉलच्या फ्रीजरमध्ये येणार, बघा तुम्ही. तुमच्या त्या एफएसएसएआयच्या अर्जात पोटात गेल्यावर काय होईल ते विचारतात, त्या बायकांचं काय होईल हे विचारणारा एक तरी रकाना आहे का?