मदत हवी आहे: लिनक्स, विंडोज आणि जुना मॅक, ई-पुस्तकांचा संग्रह तिन्हीकडे सारखा कसा ठेवायचा?

मूळ संग्रह लिनक्सवर, ईएक्सटी४ डिस्कवर आहे (ईएक्सटी४, फॅट३२, एचएफएस प्लस या डिस्कवर फाइली साठवायच्या वेगवेगळ्या पद्धती). विंडोजवर तो फॅट३२ पेनड्राइव्हने जातो, मॅकशी (एचएफएस प्लस) नेटवर्कवरून. दोन्हीसाठी आरसिंक, म्हणजे फक्त बदललेल्या फाइली कॉपी करणारा प्रोग्राम. बदल काहीच नसला तरी पेनड्राइव्हवर जवळपास निम्म्या फाइली दर वेळी नव्याने कॉपी होतात. काही फाइली 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' म्हणून अडतात. मॅकवरून आलेली काही पुस्तके लिनक्सवर दोनदा दिसतात, नाव अगदी तेच!

प्रतिसाद १
निम्म्या फाइलींचं कारण सोपं आहे. फॅट३२ बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांत ठेवते. १०:१५:३७ ची फाइल तिथे १०:१५:३६ ची होते, आणि आरसिंकला ती बदललेली वाटते. आरसिंकला 'मॉडिफाय-विंडो' १ द्या, म्हणजे एका सेकंदाचा फरक तो धरणार नाही. मालकी, परवानग्या फॅटवर राहतच नाहीत, तेव्हा '-ए' (मालकी-परवानग्यांसह सगळं) ऐवजी '-आरटी' (आतले फोल्डर आणि वेळ) वापरा.
अडलेल्या नावांत प्रश्नचिन्ह किंवा विसर्गासारखा दिसणारा कोलन असणार. फॅट आणि विंडोज दोन्हीकडे ते चालत नाहीत. नावं लिनक्सवरच बदला.

प्रतिसाद २
दुहेरी नावांत 'दुसऱ्या', 'वाऱ्या' असं काही आहे का? 'ऱ' एक अक्षर म्हणूनही साठवता येतो आणि 'र' अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असाही. एचएफएस प्लस तो सुटा करते, ईएक्सटी४ ला फक्त बाइट कळतात, म्हणून दोन फाइली.
मॅकवरून आरसिंक चालवताना 'आयकॉन्व्ह' (नावांची अक्षरं साठवायची पद्धत बदलणारा) पर्यायात आधी 'यूटीएफ-८-मॅक', मग 'यूटीएफ-८' द्या. क्रम स्थानिक, मग दूरचा. फाइली कुठल्याही दिशेला जावोत. जुन्या मॅकसोबत येणाऱ्या २.६.९ मध्ये हा पर्याय नाही, आरसिंक ३ टाका. आधी '-एन' (नुसती चाचणी, कॉपी नाही) लावून यादी बघा, 'डिलीट' (मूळ बाजूला नसलेल्या फाइली पुसणारा पर्याय) त्यानंतरच.

प्रश्नकर्ता
'ऱ' च निघाला! सगळं कॅलिबरमध्ये (ई-पुस्तकं सांभाळणारा प्रोग्राम) टाकलं तर ही कटकट सुटेल?

प्रतिसाद २
नावांची सुटेल. कॅलिबर फोल्डरची नावं रोमन अक्षरांत करून छोटी ठेवतं. तसंही ईएक्सटी४ वर नावाला २५५ बाइटच मिळतात; देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे मात्रा-वेलांट्या धरून ८५ चिन्हं.
पण मेटाडेटा.डीबी, म्हणजे कॅलिबरची सगळ्या पुस्तकांची नोंद, ही एकच फाइल आहे. दोन्हीकडे बदल केलेत तर ते एकत्र होत नाहीत, एका बाजूचे सरळ पुसले जातात. भर फक्त लिनक्सवर घाला, बाकीच्या दोन प्रती वाचण्यापुरत्या. आणि आरसिंक चालू असताना कॅलिबर दोन्हीकडे बंद हवं.