काओरू मितोमा जपानबाहेर खरंच किती ओळखीचा आहे?

प्रश्न:
इंग्लंडच्या ब्रायटन क्लबच्या सामन्यांमुळे फुटबॉलपटू मितोमा माहीत झाला. जपानमध्ये तो घराघरात पोचलाय हे दिसतंच, पण बाहेर? नाकाता, कागावा या आधीच्या जपानी फुटबॉलपटूंच्या पंगतीत तो बसतो का? आणि पंचविशीपर्यंत युरोपात त्याचं नाव का नव्हतं?

प्रतिसाद 1:
आधी उशिराचं कारण. जपानी क्लब कावासाकी फ्रोंतालेच्या वरिष्ठ संघाचं बोलावणं नाकारून तो त्सुकुबा विद्यापीठात गेला. ड्रिब्लिंगवरच (चेंडू पायाशी खेळवत प्रतिस्पर्ध्याला चकवणं) प्रबंध लिहिला, खेळाडूंच्या डोक्याला कॅमेरे लावून. व्यावसायिक पदार्पण 2020 मध्ये, पहिल्याच हंगामात जपानी लीगमध्ये 13 गोल. ऑगस्ट 2021 मध्ये ब्रायटनने घेतलं, पण वर्क परमिट मिळेना. ब्रेक्झिटनंतरच्या गुणपद्धतीत राष्ट्रीय संघाच्या सामन्यांना मोठं वजन आहे, आणि जपानच्या मुख्य संघातून तो तोवर एकदाही खेळला नव्हता (पहिला सामना नोव्हेंबर 2021, ओमानविरुद्ध). म्हणून ते वर्ष बेल्जियममध्ये, लोनवर (दुसऱ्या क्लबकडे तात्पुरता उसना).

प्रतिसाद 2:
फुटबॉल रोज न पाहणाऱ्यांपर्यंत तो पोचला 1 डिसेंबर 2022 ला. विश्वचषकात स्पेनविरुद्ध गोलरेषेवरून त्याने चेंडू मागे ओढला आणि सहकारी तानाकाने गोल केला. चेंडू जेमतेम रेषेवर होता, म्हणून जपानमध्ये त्या क्षणाला ‘मितोमाचा 1 मिलिमीटर’च म्हणतात.

त्या क्षणाच्या फोटोत चेंडू बाहेर दिसतो तो कॅमेऱ्याच्या कोनामुळे. नियम असा की संपूर्ण चेंडू संपूर्ण रेषेपलीकडे गेला तरच बाद. चेंडूचा व्यास साधारण 22 सेंटीमीटर. म्हणजे जमिनीला टेकलेला भाग रेषेच्या बाहेरच्या कडेपासून जवळजवळ 11 सेंटीमीटर पुढे असला तरी वरचा फुगवटा रेषेवरच असतो. हे तपासायला वरून किंवा थेट रेषेच्या सरळीतूनच पाहावं लागतं. तो गोल नसता आणि सामना 1-1 सुटला असता तर जपानऐवजी त्याच गटातली जर्मनी पुढे गेली असती. त्यामुळे जर्मनीतही तो प्रसंग कुणी विसरणार नाही!

प्रतिसाद 3:
तरीही नाकाताच्या पंगतीत नाही, अजून तरी. नाकाता 2001 मध्ये रोमाबरोबर इटलीची लीग जिंकला. कागावा जर्मनीच्या डोर्टमुंड आणि इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड दोन्हींकडे विजेता. मोठी लीग जिंकल्याशिवाय नाव त्या थराला जात नाही. मितोमाची ओळख प्रीमियर लीग (इंग्लंडची अव्वल लीग) पाहणाऱ्यांत पक्की आहे, त्यापलीकडे विरळ.

प्रश्नकर्ता:
त्याचा खेळ समजायला नेमकं काय पाहू?

प्रतिसाद 1:
फेब्रुवारी 2025, चेल्सीविरुद्धचा गोल. गोलरक्षक फेरब्रुखेनची लांब किक खांद्यावरून आली, उजव्या पायाच्या एका स्पर्शात चेंडू जागीच थांबला, मग बचावपटूला चकवून फटका.

एरवी डाव्या बाजूला चेंडू मिळाल्यावर त्याचा वेग बघा: तो आधी मंदावतो. चेंडू उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूशी ठेवतो, समोरच्याचं वजन एका पायावर गेलं की दुसऱ्या बाजूने सुटतो. दोघे अंगावर आले की मात्र अडतो. अशा वेळी लेफ्ट-बॅकने (मागचा डावा बचावपटू) बाहेरून धाव घेतली नाही तर मागे पास देण्यावाचून गत्यंतर नसतं.