रिसेंट लिस्ट पुसून टाका म्हणे! मेनफ्रेमवाल्यांनो, बोला जरा

गुहागरकर:
काल इथे एकाने लिहिलंय की आयएसपीएफमधली (मेनफ्रेम या मोठ्या कॉम्प्युटरवर फाइल्स उघडायचं सॉफ्टवेअर) रिसेंट, म्हणजे नुकत्याच उघडलेल्या, फाइल्सची यादी लॉगऑफ करताना आपोआप पुसली गेली पाहिजे, ती आळशांची सोय आहे, आणि ज्याला आपल्या डेटासेटचं, म्हणजे फाइलचं, नाव पाठ नाही त्याने प्रोडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष चालू सिस्टीमला, हात लावू नये. वाचून डोकंच सणकलं. अरे, डेटासेटचं नाव 44 अक्षरांपर्यंत जातं, मध्ये टिंबं, प्रत्येक तुकडा जास्तीत जास्त 8 अक्षरांचा, आणि क्लायंटकडे ज्याने नावं ठेवली त्याने सगळे स्वर खाऊन टाकलेले. रात्री बॅच (आपोआप चालणारी कामं) अडकली, ब्रिजवर, म्हणजे कॉन्फरन्स कॉलवर, दहा माणसं "झालं का, झालं का" करतायत, आणि मी ते हाताने टाइप करत बसू? चुकीच्या नावाला 'नॉट कॅटलॉग्ड' (सिस्टीमच्या नोंदीत नाही) आलं तर नशीब, पण तसल्याच नावाची दुसरी फाइल उघडली तर? यादीत शेवटच्या 30 फाइल्स राहतात, जुन्या आपोआप गळतात. त्यात पुसण्यासारखं काय आहे?

ठाणेकर:
मीच लिहिलं होतं आणि अजूनही तेच म्हणतो. आमच्या टीममधल्या एका पोराचं सांगतो. टेस्ट आणि प्रोडक्शनच्या फाइलच्या नावात एका अक्षराचा फरक, यादीत दोन्ही एकाखाली एक. त्याने चुकून प्रोडक्शनच्या नावापुढे निवडायचा एस टाकला, एंटर मारला, फाइल थेट एडिटमध्ये उघडली, रेट बदलला, एफ3 मारून बाहेर. ऑटोसेव्ह ऑन, म्हणजे विचारायचा प्रश्नच नाही. संध्याकाळच्या बॅचने तोच रेट उचलला. पुढचा आठवडा आम्ही रेकॉर्ड निस्तरत होतो. हाताने टाइप केलं असतं तर निदान नाव डोळ्याखालून गेलं असतं.

गुहागरकर:
मग त्या पोराच्या आयडीला प्रोडक्शनवर अपडेटचा अधिकार दिलाच कुणी? रॅकएफमध्ये (कुणाला कुठली फाइल वापरता येईल ते ठरवणारं सॉफ्टवेअर) नुसतं रीड ठेवलं असतं तर यादीत काहीही असो, सेव्हच झालं नसतं. दरवाजा सताड उघडा ठेवायचा आणि दोष यादीला.

पनवेलची:
तुमचं चालू दे, माझं दुखणं वेगळंच आहे. आमच्याकडे सगळ्या जीडीजी, म्हणजे एकाच नावाखाली दर वेळी नवी आवृत्ती (जनरेशन) बनणाऱ्या फाइल्स. 3.4 मधून (डेटासेटची यादी दाखवणारा पर्याय) उघडलं की यादीत जी0123व्ही00 असं पूर्ण नाव जाऊन बसतं. दुसऱ्या दिवशी नवी जनरेशन आली की ते कालचं, थोड्या दिवसांनी तर कॅटलॉगमधूनच जातं, यादीत मात्र तसंच. आणि जी मायग्रेट झालीय (न वापरल्याने दुसऱ्या साठ्यात गेलीय) ती निवडली की रीकॉल (परत आणणं) सुरू, कीबोर्ड लॉक, बसा वाट बघत. आयबीएमने याचं काहीतरी करायला हवं, मला तर रोज चीड येते.

ठाणेकर:
बघा, म्हणजे मेलेल्या नावांचं ओझं. मूळ गोष्ट अशी आहे की हल्ली गावाहून काम करणारे वाढलेत, लाइट जाते, व्हीपीएन तुटतो, मग परत येऊन यादीतून पटकन काहीतरी उघडायचं. प्रोडक्शन सपोर्ट हे गावात खळ्यात बसून करायचं काम नाही.

मालवणचो:
अरे मेल्या, खळ्यात बसान काय करूचा ता माका शिकव नको. हयसर पावसात वायरीर झाड पडला काय चार-चार तास लाइट नाय, तरी इन्व्हर्टरवर बसान तुमचे एबेंड (मधीच बंद पडलेली कामा) आमीच निस्तरतो. सेशन तुटला तर रीकनेक्ट टाकून परत त्याच स्क्रीनवर येतंव. आणि एस522 (खूप वेळ कायच नाय केला म्हणान येणारी एरर) खाऊन सेशन गेलाच तरी रिकव्हरी ऑन असली तर एडिट परत गावता. तुका ठाण्यात बसान ह्या म्हायत आसा काय?

चिपळूणकर:
गावाचा विषय काढलाच आहे तर बोलतो. 22 जुलै 2021 ला आमच्या बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्यापर्यंत गेलं होतं. लॅपटॉप वरच्या मजल्यावर, घरातलं सामान पाण्यात, आणि फोनवर मॅनेजर विचारतोय शिफ्टला येणार का. त्या रात्री कोण गावात बसून आहे हे कुणाला आठवलं नाही. आज मात्र आम्ही धोकादायक.

ठाणेकर:
पुराबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. ते मध्ये आणू नका.

चिपळूणकर:
तू खळं काढलंस ना? मग पूरही येणार आणि मुंबई-गोवा हायवेही येणार. 2011 पासून चौपदरीकरण चाललंय, गणपतीला घरी यायचं तर अख्खी रात्र खड्ड्यांत जाते. दर महिन्याला ऑफिसला या म्हणणाऱ्यांनी एकदा पनवेलहून निघून आमच्याकडे येऊन दाखवावं. आमची पोरं हौस म्हणून घरून काम करत नाहीत, आईवडील इथे आहेत, बाग इथे आहे.

मालवणचो:
शंभर टक्के. आणि कोकणकन्येचा बुकिंग उघडला काय दोन मिनिटात वेटिंग, ता वेगळाच.

पनवेलची:
अहो पण हायवे आणि फाइल्सच्या यादीचा काय संबंध? भांडा, पण जीडीजीचं कुणीतरी सांगा आधी.

रत्नांग्री:
कधीपासून वाचतोय, कुणीच मूळ मुद्द्यावर बोलत नाहीये. ताई, बेसच्या, म्हणजे जनरेशनचा नंबर नसलेल्या मूळ, नावाची पर्सनल लिस्ट करून ठेव आणि 3.4 मधून बघ, म्हणजे जी0123 चा गुंता राहणार नाही. रिसेंट लिस्ट आपोआप बनते आणि पर्सनल लिस्ट आपण बनवतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इथे सगळे एकच समजून भांडतायत. आता ठाणेकरांच्या पोराचं. एडिटच्या पहिल्या पॅनेलवर वर रेफलिस्टच्या (या याद्यांचा मेनू) शेजारी रेफमोड असतो. त्यात लिस्ट एक्झिक्यूट असेल तर निवडलं की थेट उघडतं, जसं त्या पोराचं झालं. लिस्ट रिट्रीव्ह केलं तर नाव नुसतं पॅनेलवर येऊन बसतं, आपण वाचायचं, मग एंटर मारायचा. म्हणजे तुम्हाला हवं होतं ते डोळ्याखालून जाणं इथेच होतं, टाइप न करता. प्रोडक्शनच्या फाइल्स वेगळ्या पर्सनल लिस्टमध्ये ठेवा, आणि बघायचं असेल तेव्हा एडिट नको, व्ह्यू. यादी पुसून त्यातलं काहीच साधत नाही, उलट घाईत टाइप करणारे वाढतात.

गुहागरकर:
हेच! हेच मला सकाळपासून म्हणायचं होतं. आणि ऑटोसेव्ह ऑफ प्रॉम्प्ट करा सगळ्यांनी, एफ3 मारल्यावर विचारलं जातं तरी.

ठाणेकर:
रेफमोडचं मान्य. आत्ताच जाऊन बघितलं, आमच्या टीममध्ये सगळ्यांचं एक्झिक्यूटवरच आहे, उद्या बदलायला सांगतो. खळ्याचा शब्द जास्त झाला, तो मागे घेतो. पण कॉमन आयडी जिथे चार जण वापरतात तिथे एकाची यादी दुसऱ्याला दिसते, तिथे पुसलीच पाहिजे, या बाबतीत मी हटणार नाही.

गुहागरकर:
प्रोडक्शनला कॉमन आयडी? यादीचं राहू दे, आधी ऑडिटवाल्यांना बोलाव.

मालवणचो:
शब्द मागे घेतलंस ता बरा केलंस. लाइट गेली, उद्या बोलूया.