कॉलेज सुटलं, टीम सुटत नाही. कोणाकोणाचं असं झालंय?

पहाटेची_प्रेक्षक

मंडळी, प्रश्न खुळचट वाटेल, पण विचारतेच.

मी पर्ड्यूला (इंडियाना राज्य, गाव वेस्ट लाफायेट, आजूबाजूला मका आणि फक्त मका) एमएस केलं. त्याआधी बास्केटबॉलशी माझा संबंध म्हणजे ठाण्यातल्या शाळेच्या मैदानावरची जाळी नसलेली रिंग. लॅबमधल्या एका मुलाकडे तिकीट उरलं होतं, म्हणून थंडीत कुडकुडत मॅकी अरीनात गेले. गोल इमारत, वर घुमट, आत चौदा हजारांवर माणसं. शेजारचा काय बोलतोय ते ओठ बघून ओळखावं लागत होतं. समोरच्या टीमचा माणूस फ्री थ्रोला उभा राहिला की विद्यार्थ्यांचा अख्खा स्टँड जे काही अंगविक्षेप करतो ते आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीतच बघायला मिळतं. झालं. तेव्हापासून जी लागण झाली ती झालीच.

आता पुण्यात आहे. नोकरी, संसार, शाळेत जाणारी मुलगी. मॅच आपल्याकडे बहुतेक वेळा पहाटे असते. आणि आमची टीम अशी की उठून बघितल्याचं चीज क्वचित होतं. मार्चमधली राष्ट्रीय कॉलेज स्पर्धाच घ्या. २०१९ ला व्हर्जिनियाविरुद्ध कार्सन एडवर्ड्सने एकट्याने ४२ पॉइंट केले, शेवटच्या क्षणी त्यांनी बरोबरी साधली आणि जादा वेळेत आम्ही हरलो. २०२१ ला तेराव्या मानांकिताकडून हार, २०२२ ला पंधराव्याकडून. आणि २०२३ ला आम्ही अव्वल मानांकित असताना पहिल्याच फेरीत सगळ्यात खालच्या, सोळाव्या मानांकिताकडून! पुरुषांच्या स्पर्धेत हे त्याआधी एकदाच, २०१८ मध्ये, घडलं होतं. हरवलं कोणी, तर न्यू जर्सीच्या फेअरली डिकिन्सनने. म्हणजे त्या वर्षी पहिल्या डिव्हिजनमधली सर्वांत बुटकी टीम. आमचा सेंटर झॅक इडी सात फूट चार इंच. ऑफिसात कोणाला सांगणार?

मग २०२४. १९८० नंतर पहिल्यांदा शेवटच्या चारांत, आणि तिथून थेट फायनल. आपल्याकडे ती ९ एप्रिलला सकाळी सातच्या आत सुरू झाली, आणि त्या दिवशी होता गुढीपाडवा. सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं, "आधी गुढी, मग तुझा तो उंच पोरगा." तांब्या, साडी, साखरेची गाठी सगळं उरकून बसले तर कनेटिकटवाल्यांनी साधाच डाव टाकलेला. इडीला त्यांच्या उंच सेंटरच्या, एकट्या क्लिंगनच्या हवाली केलं आणि बाकीच्यांना बाहेरून टाकायला जागाच ठेवली नाही. इडीचे ३७ पॉइंट, पण वर्षभर थ्री-पॉइंटरवर (लांबून टाकलेल्या तीन पॉइंटच्या बास्केटवर) जगलेल्या आमच्या टीमचा अख्ख्या मॅचमध्ये एकच थ्री. ७५-६०. पाडव्याला कडुलिंब वेगळा खायची गरज पडली नाही.

आता मूळ मुद्दा. २०२१ च्या जुलैपासून तिथल्या कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे कमावता येतात. २०२५-२६ पासून तर युनिव्हर्सिटीच सगळ्या खेळाडूंना मिळून वर्षाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत देऊ शकते. पोरं दर सीझनला कॉलेज बदलतात. मी ज्यांना बघितलं त्यांतलं आता कोणी नाही. मग मी पहाटे उठते ती नक्की कोणासाठी? आणि माजी विद्यार्थ्यांकडे खेळाच्या फंडासाठी देणगी मागतात, ती द्यावी का? नवरा म्हणतो, "पगारदार टीमला कसली वर्गणी?"

नदीकाठचा

नवऱ्याला माझा नमस्कार सांगा. रास्त प्रश्न आहे.

तरी माझंही ऐका. मी सीओईपीचा, म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा. आमची रेगाटा १९२८ पासूनची. बोट क्लबची पोरं मुळेच्या पाण्यात होड्यांच्या रचना करतात, शेवटी अंधारात मशाल डान्स होतो. मी चार वर्षांत एकदाही वल्हं हातात धरलं नाही, मला पोहायलाही येत नाही. तरी दरवर्षी जातो. जलपर्णी, नदीचा तो वास, डास, सगळ्यासकट. बायको एकदाच आली आणि पुन्हा येणार नाही असं जाहीर केलं.

पण फरक लक्षात घ्या. तिथे कोणी हरत नाही. तुम्ही हरण्यासाठी पहाटे उठता, हे मात्र पुणेकराला झेपणारं नाही. पुरुषोत्तम एकांकिका स्पर्धेत आम्ही "अरे आवाज कुणाचा" ओरडतो तेव्हासुद्धा निदान करंडक मिळायची आशा असते, आणि जेवण वेळेवर होतं.

निळा_पिवळा

मिशिगनवाला, मुक्काम डेट्रॉइटजवळ. इथे मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम शनिवारी ठरवायचा असेल तर आधी कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचं वेळापत्रक काढतात. एका वर्षी नाही काढलं, तर नांदीला हॉलमध्ये फक्त बायका आणि तबलजी.

पैसे आले म्हणून मन उडतं असं माझं तरी झालं नाही. ३० नोव्हेंबर २०२४ घ्या. आमचा सीझन रडतखडत चालला होता, त्यात कोलंबसला जाऊन ओहायो स्टेटला १३-१० ने हरवलं. पुढे तेच राष्ट्रीय विजेते झाले! होऊ देत. माझ्या गल्लीत ओहायोवाला राहतो, त्याला ते १३-१० मी अजून ऐकवतो. मैदानावर कोण होतं, त्याला किती मिळाले, हे त्या क्षणी डोक्यातसुद्धा येत नाही. निष्ठा म्हणजे थोर काही नसतं हो. गल्लीत कोणाला चिडवायचं ते ठरलेलं असतं, एवढंच.

देणगीचं मात्र स्पष्ट सांगतो. खेळाच्या फंडाला देणं मी थांबवलं. इथे चांगल्या सीझन तिकिटासाठी देणगी द्यावी लागते, तो वेगळा व्यवहार. पुण्यात बसून तुम्हाला त्याचा काय उपयोग? द्यायचेच असतील तर तुमच्या डिपार्टमेंटच्या फेलोशिपला द्या, आणि फॉर्मवर फंडाचं नाव स्वतः लिहा. मोघम ठेवलंत तर पैसे कुठे वळतील सांगता येत नाही.

मंगळवार_पेठ

ताई, हे वाचून हसू आलं. आमच्या कोल्हापुरात फुटबॉलला कॉलेजचं कोण इचारतंय, कुठल्या तालमीची टीम ते बघतात. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा. पेठ कुठली त्यावर झेंडा ठरतो, तो बापाचा आणि आज्याचा पण तोच. तुमच्यागत चॉइस नसतोय.

आणि पैशाचं म्हणाल तर आमच्याकडं पण पोरं तालीम बदलत्यात. परदेशी खेळाडू येऊन खेळून गेले. गेल्या साली ज्याला खांद्यावर घेतला, तो यंदा समोरच्या तालमीतनं गोल मारतोय. शाहू स्टेडियमवर त्याला शिव्या घालायच्या, आणि परत आपल्यात आला की परत खांद्यावर. विषय संपला. नवऱ्याला एकदा डर्बीला पाठवा.

लाल_पट्टेवाला

ब्लूमिंग्टनचा माजी विद्यार्थी, म्हणजे ताईंचा जन्मजात शत्रू. फक्त नोंदीसाठी: इंडियाना विद्यापीठ बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा, पर्ड्यू शून्य वेळा. आणि २०२४ चा आपल्या दोघांतला फुटबॉलचा ओकन बकेट सामना आम्ही ६६-० ने जिंकला. बाकी चर्चा चालू द्या.

पहाटेची_प्रेक्षक

लाल पट्टेवाले, ६६-० चं कबूल, आमच्याकडे फुटबॉलला कोणी फुटबॉल म्हणतच नाही. बास्केटबॉलमध्ये मात्र तुमचं शेवटचं विजेतेपद १९८७ चं. आणि १९८५ ला आमच्याविरुद्ध खेळताना भर कोर्टवर खुर्ची भिरकावणारे कोच तुमचेच ना?

निळा_पिवळा, चिडवण्याचं पटलं. पण माझ्या आजूबाजूला चिडवायला कोणीच नाही, ही तर गोची आहे. पुण्यात मला मॅकी म्हणजे काय ते समजावून सांगण्यापासून सुरुवात करावी लागते. तरी उठते. त्यामुळे माझं कारण वेगळंच असणार.

एक सांगते. पैशांची एवढी चर्चा चालू असताना इडीला त्यातला मोठा वाटा घेताच येत नव्हता. तो कॅनडाचा, स्टुडंट व्हिसावर. अमेरिकेत राहून जाहिरातीचं काम केलं तर व्हिसाची भानगड. सलग दोन वर्षं देशातला सर्वोत्तम खेळाडू, आणि नियम तेच, जे कॅम्पसवरच्या नोकरीचे तास मोजताना आम्ही सगळे जपत होतो. इंटरनॅशनल ऑफिसच्या रांगेत फाइल घेऊन उभं राहिलेल्या माणसाला हे वाचून काय वाटतं ते इथल्या अर्ध्या लोकांना सांगायला नको. तो पोरगा मला आमच्याच बॅचचा वाटायला लागला.

आणि सगळेच पळत नाहीत. ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर पहिल्या वर्षी फेअरली डिकिन्सनकडून हरले, दुसऱ्या वर्षी फायनलला गेले, आणि पुढची दोन वर्षंही तिथेच राहिले. कोच मॅट पेंटर स्वतः पर्ड्यूकडून खेळलेला आणि २००५ पासून त्याच खुर्चीत. मंगळवार पेठ, तुमच्याकडे असं कोणी टिकतं का?

देणगीचं ठरलं. फेलोशिपला, फंडाचं नाव लिहून. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "चला, बास्केटबॉलचे पैसे वाचले." त्याला अजून सांगितलेलं नाही की पुढच्या मार्चसाठी मी मोठा टीव्ही बघून ठेवलाय.

मंगळवार_पेठ

टिकतंय की. पब्लिक.