गिटारच्या ई फ्लॅट (अर्धा सूर खाली) ट्यूनिंगला ९.५ च्या तारा की १० च्या? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) धाटणीची इलेक्ट्रिक गिटार, स्केल (तारेची वाजती लांबी) २५.५ इंच, ब्रिज तरंगता, म्हणजे बॉडीला न टेकता तारा नि स्प्रिंगांच्या ताणावर तोललेला, मागे ३ स्प्रिंगा. सध्या ९-४२ चा सेट आहे (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). ट्यूनिंग कायमचं अर्धा सूर खाली ठेवायचंय, पण तिथे सहावी तार लुळी पडते: जोरात वाजवली की सूर आधी वर चढतो, मग खाली बसतो, आणि फ्रेटवर खडखडते ते वेगळंच.

अर्धा सूर उतरवला की ताण साधारण ११ टक्के घटतो. म्हणजे ९.५-४४ हाताला स्टँडर्डमधल्या ९ इतक्याच लागतील, १०-४६ जरा कडक. पॉवर कॉर्डला (जाड तारांवरचे दोन सुरांचे कॉर्ड) १० च बऱ्या, पण तिसऱ्या तारेवर पूर्ण सुराचा बेंड घेताना (तार बोटाने ओढून सूर चढवताना) १७ ची तार जड जाते का?

खरी काळजी नटची, म्हणजे खुंट्यांजवळच्या, तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीची. ४२ साठी कापलेल्या खाचेत ४६ चिमटते, खुंटी फिरवताना ‘टिक्’ होतं नि सूर उडी मारतो. ४४ त्याच खाचेत चालेल का? नव्या तारांच्या ताणाने ब्रिज उचलला गेला तर नुसते क्लॉचे (मागच्या स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे) स्क्रू आवळून भागेल की चौथी स्प्रिंग घालावी?

नाशिकमध्ये, शक्यतो कॉलेज रोड-गंगापूर रोडकडे, मापाच्या कानशीने नट कापणारं कोणी आहे का? खाच एकदा खोल गेली की नटच बदलावा लागतो.