विनी कूपरचं पुढे काय झालं

'बालकलाकारांचं शिक्षण बुडतंच' असं म्हटलं जातं, पण ते 'द वंडर इयर्स' या अमेरिकी टीव्ही मालिकेत (एबीसी, १९८८–९३) विनी कूपर साकारणाऱ्या डॅनिका मकेलरला लागू होत नाही. जन्म १९७५चा. तिची सख्खी बहीण क्रिस्टल हीसुद्धा विनीच्या भूमिकेच्या शर्यतीत होती. तिला नंतर त्याच मालिकेत बेकी स्लेटरची भूमिका मिळाली आणि ती पुढे वकील झाली.

डॅनिकाने १९९८मध्ये यूसीएलएमधून (लॉस एंजेलिसमधलं कॅलिफोर्निया विद्यापीठ) गणिताची पदवी सर्वोच्च श्रेणीत घेतली. त्याच वर्षी लिंकन चेस आणि ब्रँडी विन यांच्यासोबतचा शोधनिबंध आला. विषय द्विमितीय जाळीवरचं अ‍ॅश्किन-टेलर हे चुंबकीय प्रारूप. कणांचे जोडलेले पुंजके अखंड पसरू लागणं आणि एकाहून अधिक समतोल अवस्था संभवणं, यांचा संबंध त्यांनी सिद्ध केला. नटीच्या नावावर प्रमेय, असं रोज घडत नाही! २००७पासून ती मुलींसाठी गणिताची पुस्तकं लिहिते.

बालकलाकारांचं शिक्षण टिकण्यात कॅलिफोर्नियाच्या नियमांचाही वाटा असतो. शाळा चालू असताना ९ ते १५ वयाच्या मुलाला सेटवर नऊच तास: काम पाच, अभ्यास तीन, विश्रांती एक. पैशांचं मात्र उशिरा सुधारलं. बालकलाकारांची कमाई जपण्यासाठीचा १९३९चा कूगन कायदा न्यायालयाने मंजूर केलेल्या करारांपुरताच होता, बाकी कमाई कायद्याने पालकांचीच. १५ टक्के रक्कम मुलाच्या नावे राखून ठेवणं सक्तीचं झालं ते थेट २०००मध्ये.