आईबाबांच्या लॅपटॉपसाठी कोणता ब्राउझर? (बजेट: शून्य)

वाळवणातली_कुरडई
लॅपटॉप जुना आहे. विंडोज १०, ४ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क. वापरणारे दोघे, वय ६८ आणि ७३. कामं ठरलेली: पेन्शन जमा झाली का ते बँकेच्या साइटवर बघणं, महावितरणचं बिल, सातबारा, रेल्वेचं तिकीट, ईपेपर आणि यूट्यूबवर कीर्तन. सध्या क्रोम आहे. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात सारखं ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले’ असं येतं. अँटिव्हायरसने स्कॅन केलं तर काहीच सापडत नाही. ब्राउझर बदलू का? कोणता? पैसे खर्च करायचे नाहीत, एक रुपयासुद्धा नाही.

डोंगरवाट
फायरफॉक्स + यूब्लॉक ओरिजिन (जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम). दुसरं काही बघू नका.
क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलले (मॅनिफेस्ट व्ही३) आणि मूळ यूब्लॉक ओरिजिन तिथे बंद पडलं. आता क्रोमला ‘लाइट’ मिळतं. ते बऱ्यापैकी चालतं, पण मूळची ताकद नाही. फायरफॉक्समध्ये अजून पूर्ण चालतं, अँड्रॉइड फोनवरच्या फायरफॉक्समध्येही. घेताना नाव नीट वाचा. नुसतं ‘यूब्लॉक’ नावाचं वेगळंच एक्स्टेन्शन आहे, ते नको. ‘ओरिजिन’ हवं.

ताकपिठलं
ब्रेव्ह टाका. जाहिराती अडवायची सोय आतच आहे, काही जोडायला नको. माझ्याकडे तीन मशीनवर आहे, यूट्यूबला एक जाहिरात दिसत नाही. टाकल्या टाकल्या रिवॉर्ड्स, वॉलेट आणि नव्या टॅबवरची प्रायोजित चित्रं बंद करा. ज्येष्ठांना क्रिप्टोचं बटण दिसायलाच नको.

डोंगरवाट
ब्रेव्ह म्हणजे २०२० साली पत्त्याच्या पट्टीत स्वतःचे रेफरल कोड (कमिशन मिळवून देणारे) घुसवताना पकडले गेलेले तेच ना?

ताकपिठलं
हो, तेच. माफी मागून काढलं ते. तुमच्या फायरफॉक्सची बहुतेक कमाई गूगलकडून येते, त्याबद्दलही लिहा की.

खलबत्ता
भांडा नंतर. धागाकर्त्याने नीट वर्णन केलंय आणि मूळ प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलेलं नाही. तो व्हायरस नाही, म्हणून स्कॅनमध्ये सापडत नाही. कुठल्यातरी साइटने ‘पुढे जाण्यासाठी अलाउ दाबा’ म्हटलं, कोणीतरी दाबलं, आणि त्या साइटला नोटिफिकेशन (कोपऱ्यातल्या सूचना) पाठवायची परवानगी मिळाली. विंडोजच्याच पेटीत दिसतं म्हणून खरं वाटतं. त्यावर टिचकी मारली की नकली अँटिव्हायरस विकणारं पान नाहीतर ‘कस्टमर केअर’चा नंबर येतो.
क्रोममध्ये: तीन टिंबं > सेटिंग्ज > प्रायव्हसी अँड सिक्युरिटी > साइट सेटिंग्ज > नोटिफिकेशन्स. ‘अलाउड’खालच्या यादीत अनोळखी नावं दिसतील, एकेक काढून टाका. मग वर ‘साइट्सना विचारूच देऊ नका’ या अर्थाचा पर्याय निवडा. हा दुसरा भाग लोक विसरतात आणि पंधरा दिवसांत नवं नाव यादीत येतं.
हे न करता ब्राउझर बदललात तरी पेटी येत राहू शकते, कारण क्रोम बंद दिसला तरी मागे चालू राहू शकतो. सेटिंग्ज > सिस्टीममध्ये ‘क्रोम बंद केल्यावरही पार्श्वभूमीला अ‍ॅप चालू ठेवा’ असं बटण आहे, तेही बंद करा.
फायरफॉक्समध्ये हीच सोय प्रायव्हसी अँड सिक्युरिटी > परमिशन्स > नोटिफिकेशन्सच्या शेजारचं सेटिंग्ज बटण, तिथे ‘नव्या विनंत्या अडवा’वर खूण.

अनुस्वारप्रेमी
ब्राउझरला मराठीत सुंदर शब्द आहे: न्याहाळक. वापरला नाही तर रुळणार कसा?

ताकपिठलं
बाबांना फोनवर ‘न्याहाळक उघडा’ सांगितलं तर ते खिडकी उघडतील.

अनुस्वारप्रेमी
विंडोज म्हणजे तरी काय वेगळं?

गियरबॉक्स
४ जीबी आणि हार्डडिस्क असताना ब्राउझर बदलून काही फरक पडणार नाही. सगळे सारखेच रडतात. एसएसडी (हार्डडिस्कऐवजी वेगवान डिस्क) टाका, रॅम ८ करा. खरं तर नवीनच घ्या, विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय.

वाळवणातली_कुरडई
बजेट शून्य लिहिलंय हो पहिल्याच पोस्टमध्ये.

गियरबॉक्स
एसएसडी म्हणजे काही खर्च नाही.

खलबत्ता
विंडोज १०ला एक वर्षाचे जादा सुरक्षा अपडेट आहेत, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की फुकट मिळतात. सेटिंग्ज > अपडेट अँड सिक्युरिटी > विंडोज अपडेट या पानावर ‘एनरोल’ची ओळ दिसते. २२एच२ आवृत्ती नसेल तर दिसणार नाही, आधी ती करून घ्या.

निवांत_पेडणेकर
फायरफॉक्स + यूब्लॉक ओरिजिन. शिवाय व्हीपीएन (तुमचं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमधून फिरवणारी सेवा) घ्या चांगलं, विकतचं. फुकटचे काही डेटा विकतात. बँकेचं काम करताना व्हीपीएन पाहिजेच.

खलबत्ता
उलट आहे. घरच्या वायफायवरून बँकेची साइट उघडली तर जाणारी माहिती एचटीटीपीएसने आधीच कुलूपबंद असते. व्हीपीएन लावलं की बँकेला तुम्ही दुसऱ्या देशातून आल्यासारखे दिसू शकता, आणि खातं अडकलं तर शाखेत चकरा. तुमचा भरवसा इंटरनेटवाल्याकडून व्हीपीएनवाल्याकडे सरकतो, एवढाच काय तो बदल. आपल्याकडे सर्ट-इनने (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २०२२ साली व्हीपीएनवाल्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितल्या, तेव्हा काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. आणि इन्कॉग्निटोने (ब्राउझरची खाजगी खिडकी) ‘लपल्यासारखं’ वाटतं, तेही नाही. या लॅपटॉपवर इतिहास राहत नाही, इतकंच. साइटला आणि इंटरनेटवाल्याला दिसायचं ते दिसतंच.

सायसाखर
बँकेसाठी वेगळा ब्राउझर ठेवा, हे अजून कोणी कसं सांगितलं नाही? एकात एकही एक्स्टेन्शन नाही, फक्त बँक आणि वीजबिल. दुसऱ्यात बाकी सगळं. कारण साधं आहे: बहुतेक एक्स्टेन्शन ‘सर्व साइटवरची सर्व माहिती वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी घेतात. आज चांगलं असलेलं एक्स्टेन्शन उद्या विकलं जातं. ‘द ग्रेट सस्पेंडर’ असंच विकलं गेलं आणि फेब्रुवारी २०२१मध्ये गूगलने ते मालवेअर म्हणून काढलं. वापरणाऱ्यांनी काहीच चूक केली नव्हती, अपडेट आपोआप आला.
आणखी:
बँकेचं नाव गूगलवर शोधून जायचं नाही. वर प्रायोजित म्हणून दिसणारी पहिली ओळ कोणाचीही असू शकते. रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ हा पत्ता बंधनकारक केलाय, ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत होती. पत्त्याचा शेवट तोच आहे ना ते एकदा तुम्ही तपासा आणि बुकमार्क करून पट्टीवर ठेवा. आईबाबांनी तिथूनच जायचं.
कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. नकली साइटलाही प्रमाणपत्र फुकट मिळतं. क्रोमने तर २०२३मध्ये ते कुलूप काढूनच टाकलं.
बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू नका. संगणकात चोर प्रोग्रॅम शिरला की आधी तिथेच हात घालतो.

निवांत_पेडणेकर
मी म्हणतो पासवर्ड डायरीत लिहा, कपाटात ठेवा.

सायसाखर
त्या वयाला आणि त्या घरात, हे खरंच वाईट नाही. फक्त डायरी आणि एटीएमचा पिन एका जागी नको.

डोंगरवाट
सातबाऱ्याचं आणि पावत्यांचं एक. काही सरकारी साइट नवीन खिडकीत कागद उघडतात, ब्राउझर ती अडवतो आणि मंडळी पुन्हा पुन्हा बटण दाबत बसतात. पत्त्याच्या पट्टीच्या आसपास अडवल्याची खूण येते, तिथून त्या साइटपुरतीच परवानगी द्या. फायरफॉक्समध्ये ट्रॅकिंग प्रोटेक्शन (तुमचा माग काढू न देणारी सोय) ‘स्टँडर्ड’वरच राहू दे. ‘स्ट्रिक्ट’ केल्यावर एखादं पेमेंटचं पान अर्धवट उघडलं तर पत्त्याच्या डावीकडच्या ढालीवर टिचकी मारून त्या साइटपुरतं बंद करा.

ताकपिठलं
ब्रेव्हमध्येपण ढाल आहे.

जास्वंद_७
फायरफॉक्सने २०२५च्या फेब्रुवारीत ‘तुमचा डेटा कधीच विकणार नाही’ हे वाक्य काढलं, ते विसरले सगळे. विश्वास कोणावरच ठेवायचा नाही.
पण आईबाबांना खरी भीती ट्रॅकिंगची नाही. हल्ली ‘मी रोबोट नाही’ची नकली पेटी येते आणि सांगते: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. त्या पानाने आधीच एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते, ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. कोणताच ब्राउझर यातून हमखास वाचवत नाही. ‘कीबोर्डवर काही दाबायला सांगितलं की पान बंद’ हे कागदावर लिहून लॅपटॉपला चिकटवा. भोंगा वाजत पूर्ण स्क्रीन भरली तर एस्केप दाबून धरायचं, नाही गेलं तर ऑल्ट आणि एफ४.
फोनवरही बघा. वाहतूक दंडाच्या चलनाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके (अ‍ॅपची फाइल) येते. सेटिंग्जमधल्या शोधात ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’ टाका आणि क्रोम, व्हॉट्सअ‍ॅप, फाइल्स तिन्हींची परवानगी बंद करा. आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन. शाखा उघडायची वाट बघू नका.

गियरबॉक्स
मॅकच घ्या सरळ.

वाळवणातली_कुरडई
सगळ्यांचे आभार. खलबत्ता, क्रोमच्या यादीत चौदा साइट निघाल्या. काढल्या, काल रात्रीपासून पेटी आलेली नाही.
ब्राउझर मात्र एज ठेवतोय. ऐका आधी. तो लॅपटॉपवर आहेच, नवीन काही टाकायला नको. बाबा दोन ब्राउझर ठेवायला तयार नाहीत, ‘एकच चिन्ह ठेव’ म्हणाले. विंडोज १०वर एजला किमान ऑक्टोबर २०२८पर्यंत अपडेट मिळणार असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. न वापरलेले टॅब आपोआप झोपवायची सोय असल्याने ४ जीबीत जरा बरं चालतं. आणि भोंगावाली पानं ओळखणारा स्केअरवेअर ब्लॉकर त्यात आहे. नोटिफिकेशनची विचारणा बंद, बँकेचे बुकमार्क पट्टीवर, पासवर्ड साठवणं बंद, एक्स्टेन्शन एकही नाही.

डोंगरवाट
एज!! चार तास टंकलं त्याचं हे फळ.

ताकपिठलं
पहिल्यांदाच डोंगरवाटशी सहमत.

सायसाखर
एक्स्टेन्शन नाही म्हणजे यूट्यूबवर कीर्तनाच्या मध्ये जाहिराती येणार. ते चालणार असेल तर ठीक. पण सेटिंग्जमधलं शॉपिंग आणि कूपनचं बटण बंद करा, नाहीतर तिकीट काढताना मध्येच डोकावेल. ट्रॅकिंग प्रिव्हेन्शन ‘बॅलन्स्ड’वर ठेवा. नव्या टॅबवरच्या बातम्याही घालवा: तिथल्या दातेरी चक्रात कंटेंट बंद करता येतं. त्या बातम्यांच्या मधल्या जाहिरातींवरच टिचक्या पडतात.

वाळवणातली_कुरडई
बातम्या बंद केल्या होत्या. आईने परत चालू करायला लावल्या, राशिभविष्य येतं म्हणे.

अनुस्वारप्रेमी
एजला मराठीत काय म्हणणार? कड की धार?